मामाच्या वहीतली सातवी सूचना

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. मला लिहिता येतं असं मला वाटत नाही. तिवशाजवळच्या एका गावात आमचा भाजीपाल्याचा मळा आहे, आणि मी अमरावतीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे घरच्यांना वाटतं, याला सगळं कळतं. मला वाटतं, मला काहीच कळत नाही. खरं काय ते या दोन्हींच्या मधे कुठेतरी असेल. त्यातून विषय असा, की परदेशातल्या मोठ्या संगीत महोत्सवाला, म्हणजे तीन दिवस चालणाऱ्या नाचगाण्याच्या जत्रेला जाताना काय काय सांभाळावं. मी स्वतः नागपूरच्या पुढे गेलेलो नाही. विमान पाहिलं ते मळ्यावरून जाताना. अशा माणसाने यावर बोलणं म्हणजे आगाऊपणाच. पण हा आगाऊपणा मी दुसऱ्यांदा करतो आहे. पहिला गेल्या वर्षी याच दिवसांत केला होता, शंभर पानी वहीत, अकरा सूचना लिहून. त्यातली एक चुकीची होती. त्या चुकीपायी जे दिवस काढले ते आता मागे पडलेत, छाती हलकी झाली आहे, म्हणूनच लिहायला बसता आलं.

मे महिना आला की आमच्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात खसचा, म्हणजे वाळ्याचा वास येतो. कूलरच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत नवी खस भरतात, पहिलं पाणी पडतं आणि सुकलेल्या नदीत कोणीतरी घागर उपडी करावी तसा वास सुटतो. त्याच दिवसांत परीक्षेचं वेळापत्रक लागतं. माझ्या नाकात आता हे दोन्ही एकच झालं आहे, खस आणि हॉल तिकीट. यंदा तो वास आला त्याच आठवड्यात पातूरहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. म्हणाला, "तुमी किसनभाऊचे भाचे न? माहं बिछायत केंद्र हाये पातूरले, मंडप-साऊंडचं. यंदा आमाले नेऊन राहिले हॉलंडले. थे किसनभाऊची वही म्हणते, थ्याचे फोटो पाठवान का? पाच पानं भेटले मले मोबाइलवर, पण लय पुसट हायेत."

मी विचारलं, "सातवी सूचना दिसते का त्यात?"

"दिसते न. तिच्या खाली दोन रेघा हायेत."

त्या दोन रेघा मीच मारल्या होत्या. मामा हॉलंडहून केव्हाचा परत आला, पण माझी चूक अजून गावोगाव फिरत होती.

किसनमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, हिवरखेडचा. शेती मोठा मामा पाहतो. किसनमामाने पंचवीस वर्षांपूर्वी बिछायत केंद्र काढलं, म्हणजे लग्नाकार्याला गाद्या, सतरंज्या, पातेली भाड्याने देणं. मग मंडप आला, आणि मंडपाच्या मागोमाग साऊंड. गाद्यांत त्याचा जीव कधीच नव्हता. साऊंडमध्ये होता. लहानपणी मी सुट्टीत जायचो तेव्हा तो मला स्पीकरच्या भिंतीसमोर उभा करायचा आणि विचारायचा, "सांग, कोणता बोलून नाई राहिला?" मला सगळे सारखेच वाजताना वाटायचे. तो डोळे मिटायचा, मान जराशी डावीकडे वळवायचा आणि बोट दाखवायचा. "थो. खालून दुसरा. कॉइल गेली थ्याची." उघडून पाहिलं की तसंच निघायचं. तेल्हारा तालुक्यात कोणाचाही स्पीकर बिघडला की आधी किसनमामाला बोलावत, मग मेकॅनिकला.

ते कान खराब होत चालले होते. आधी मामीच्या लक्षात आलं. ती ताटाच्या उजव्या बाजूला बसून विचारायची, भाजी वाढू का, आणि मामा जेवत राहायचा. तिने भांडण केलं नाही. ती डावीकडे बसायला लागली. मग मामाच्या कानात शिट्टी वाजू लागली, कुकरची शेवटची शिट्टी उतरताना वाजते तशी बारीक, न थांबणारी. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मामी आणि मी त्याला अकोल्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून त्याला बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून पाहत होतो. अख्ख्या वरातीला नाचवणारा माणूस पहिल्या बाकावरच्या पोरासारखा बटणावर अंगठा ठेवून बसला होता, आणि बराच वेळ त्याचा अंगठा हलतच नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी आलेखाचा कागद आमच्यासमोर ठेवला. उजव्या कानाची लाल वर्तुळं घसरगुंडीवरून उतरावीत तशी खाली गेली होती. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या बऱ्याचशा वर होत्या. त्या म्हणाल्या, "उजवा गेला तो परत येणार नाही. डावा आहे तेवढा राखा. तो गेला तर तुमचा धंदा तर जाईलच, घरातलं माणूस बोललेलंही कळणार नाही." मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मामाने कागदाची घडी केली, खिशात ठेवली, आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "चाला, रसवंतीवर बसू." त्यानंतर त्या कागदाबद्दल तो बोलला नाही. मी मात्र त्याचा फोटो काढून ठेवला होता.

आमच्या भागात कृषी केंद्रवाल्यांना कंपन्या थायलंडला फिरवून आणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परत आले की वर्षभर दुकानात खताच्या पोत्यावर बसून तेच फोटो दाखवतात. साऊंडवाल्यांचं नशीब मात्र कधी उघडलं नव्हतं. गेल्या वर्षी नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ते उघडलं. त्याच्याकडून भरपूर माल घेणाऱ्या चौदा जणांना त्याने हॉलंडला न्यायचं ठरवलं, जिथे जूनच्या शेवटी एका माळरानावर तीन दिवस नुसतं संगीत चालतं, दहा-बारा स्टेज एकाच वेळी. मामाचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या तयारीत होतो.

"भाचेराव, एकेक स्टेज म्हणते आपल्या ग्रामपंचायतीहून मोठा! तू लिहून दे मले. काय करा, काय नोको करा."

"मामा, इंटरनेटवर सारं असते."

"असते न. पण थे मायासाठी लिहेल नसते. तू लिहेल पाह्यजे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. वयाने कितीही मोठा असला तरी भाचा त्याच्यासाठी देवाच्या जागी. आणि भाचा कॉलेजात शिकणारा असला म्हणजे तर विचारायलाच नको. मी लायब्ररीत बसलो, भौतिकशास्त्राच्या पुस्तकाखाली मोबाइल ठेवून इंग्रजी याद्या वाचल्या. त्या याद्या वीस वर्षांच्या गोऱ्या पोरांसाठी होत्या. चेहऱ्याला चमकी कोणती लावावी, तंबू कसा ठोकावा, आदल्या दिवशीची उतरली नसेल तर काय प्यावं. माझ्या मामाचं वय पंचेचाळीस, गळ्यात माळ, आणि तंबू ठोकण्यात तो त्यांच्या बापालाही हार जाणारा नव्हता. मग मी गाळत गेलो, वऱ्हाडात बसेल असं लिहीत गेलो. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स, एक अंगावर, एक बॅगेत. हॉटेलचं नाव कागदावर लिहून खिशात. नवे जोडे नेऊ नका, पायाला सरावलेले न्या. मनगटाला कापडी पट्टा बांधतील, तो शेवटपर्यंत काढू नका, अंघोळीलाही नाही. हे फोनवर वाचून दाखवलं तर मामा म्हणाला, "म्हणजे नवरदेवाच्या कंकणासारखं." मला वाटलं, माझ्याहून यालाच जास्त कळलं. हरवलात तर भेटायची जागा आधीच ठरवा. अनोळखी माणसाने दिलेलं पिऊ नका. तासातासाला पाणी प्या, ऊन लागेल. यावर तो पोट धरून हसला. "अकोल्याच्या माणसाले ऊन शिकवतं का बे?"

सातव्या जागी इंग्रजी यादीत होतं, कानांचं रक्षण करा. बाजूला बोटाच्या पेराएवढ्या नारिंगी वस्तूचं चित्र होतं. ती काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि मी शोधलंही नाही. शोधायची गरजच वाटली नाही. कान म्हटलं की आमच्याकडे इलाज एकच. बाळ जन्मलं की कानात तेलाचा बोळा, थंडीत पहाटे मळ्यात जाताना बोळा, लू चालली की बोळा आणि वरून दुपट्टा, लग्नात अत्तराचा फाया कानाच्या पाळीत, आणि माणूस गेला की तेव्हाही कापूसच. पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवणाऱ्या माणसांना कापसाहून मोठं औषध कुठलं सुचणार? डॉक्टरीणबाईंचा कागद आठवला आणि मी ठळक अक्षरात लिहिलं: कानात कापूस घालणे. न विसरता. खाली दोन रेघा. अकरा सूचनांपैकी हीच एक मी इंटरनेटवरून न घेता स्वतःच्या अकलेने लिहिली होती, आणि खरं सांगतो, मला तिचाच जास्त अभिमान वाटत होता.

रोहिण्या कोरड्या गेल्या, मृग लागला तरी आभाळ पांढरंच होतं. मामाला गाडीत बसवायला मी अकोल्याच्या स्टेशनवर गेलो. दुपारी फलाट तापून तव्यासारखा झाला होता. मामीने घरच्या कापसाचे बोळे वळून स्टीलच्या डबीत भरले होते, सरकीचा एक कणही राहू न देता. मामाने वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेत सगळ्यात वर ठेवली. गाडी आली तसा तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला.

"मामा, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. तू लिहेल अंगावर घेऊन जाऊन राहिलो मी. मले कायचं भेव?"

पोहोचल्यावर एकदा त्याचा फोन आला. सगळ्यांत मिळून तिकडचं एकच सिमकार्ड होतं, व्यापाऱ्याच्या माणसाकडे. मामा ओरडूनच बोलत होता. "लय मोठं मैदान हाये! गवत पाय, जसं कोणं इस्त्री केलं! उद्या सुरू होते." एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी भौतिकशास्त्राची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम वयाने मोठ्या, आवाजाने मऊ. त्यांनी ध्वनीची तीव्रता विचारली. मला येत होतं. त्या खूश झाल्या, तसा मी जास्तच बोललो. सांगितलं, की माझा मामा डीजेवाला आहे आणि आज तो हॉलंडला मोठ्या संगीत महोत्सवात गेला आहे.

"अरे वा! मग कानांची काळजी घेतली ना त्यांनी?"

"हो मॅडम. मीच लिहून दिलं. कानात कापूस."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "कापसाने वारा अडतो बाळा, आवाज अडत नाही. धाग्याधाग्यांतून हवा जाते की नाही? मग ध्वनी कसा थांबेल? तुझ्याच पुस्तकात आहे हे." मग जरा थांबून, "उलट माणसाला वाटतं आपण सुरक्षित आहोत, आणि तो आणखी जवळ जाऊन उभा राहतो."

पुढचे प्रश्न मला आठवत नाहीत. किती गुण पडले तेही मी बरेच दिवस पाहिलं नाही.

खोलीवर आलो, उशी उसवली, कापूस काढला आणि दोन्ही कानांत गच्च भरला. कूलरची घरघर तशीच ऐकू आली. बाजूच्या खोलीतलं गाणं ऐकू आलं, शब्दांसकट. खाली कोणीतरी बादली आपटली तीही. फक्त सगळं जरा जुन्या रेडिओसारखं झालं होतं. मग कापूस काढून नुसती बोटं घट्ट दाबली, तर कूलर खरोखर लांब गेला. सगळं मिळून दोन मिनिटांचा प्रयोग. वहीत लिहिण्याआधी मला तो करता आला असता. ध्वनीचा धडा मी पहिल्या वर्षीच पाठ केला होता, त्यावर उत्तरं लिहून पास झालो होतो. पण पुस्तकातला कान आणि मामाचा कान माझ्या डोक्यात वेगवेगळ्या घरांत राहत होते. त्यांची कधी गाठच पडली नव्हती.

मी मामाच्या मोबाइलवर संदेश पाठवला: कापूस घालू नका, स्पीकरपासून लांब राहा. एकच टिक. तासाने पुन्हा. एकच टिक. माझा खोलीसोबती निखिल मला पाहून वैतागला. "तुया मामा तठी नाचून राहिला असन, अन् तू अठी कायले मरून राहिला?" व्यापाऱ्याच्या माणसाचा नंबर मामीकडे नव्हता. मामीला खरं कारण सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. मी तिला एवढंच विचारलं, मामाचा फोन आला का. ती म्हणाली, "नाई आला. पण मले कायजी नाई. तू सारं लिहून देल्लं न."

ते वाक्य मला आजही कधी कधी ऐकू येतं. घरातला पहिला शिकणारा म्हणजे काय, हे मला त्या तीन दिवसांत कळलं. लोक म्हणतात, पहिल्याला वाट नसते म्हणून त्रास होतो. मला त्याचा इतका त्रास झाला नाही. त्रास याचा, की माझ्या लिहिण्याला तपासणारं कोणी नाही. शिकलेल्या घरांत पोरगा काही चुकीचं बोलला तर बाप म्हणतो, गप बस, असं नसतं. आमच्याकडे बाबा म्हणतात, "तो म्हणते म्हणजे असनच." इतका विश्वास पेलायला मान ताठ लागते, आणि माझी तर लिहिताना वाकलेली असते. त्या तीन दिवसांत मी एक पेपरही दिला. काय लिहिलं देव जाणे. प्रश्नपत्रिकेच्या कोपऱ्यावर मात्र निळ्या फुल्या काढलेल्या सापडल्या.

पाचव्या दिवशी मुंबईहून फोन आला. "उतरलो!" मी त्याचा आवाज तोलत होतो. तो नेहमीपेक्षा मोठ्याने बोलतो आहे का? ऐकू न येणारा माणूस मोठ्याने बोलतो, पण आनंदातला माणूसही तसाच बोलतो. काही ठरवता येईना. शेवटचा पेपर संपला त्याच दुपारी मी हिवरखेडची एसटी धरली.

मामा बिछायतच्या गोदामात सतरंज्यांच्या थप्पीवर बसला होता, दोन्ही टाचांना पट्ट्या लावून. नवेच जोडे नेले होते. "विदेशात जुने जोडे घालून जाऊ का? तुयी जोड्याची सूचना तेवढी मोडली मी," तो म्हणाला. कंकण मात्र अजून हातात होतं. पहिल्या ऑर्डरच्या वेळी स्पीकरसमोर नारळ फोडायची त्याची रीत, म्हणून त्याने बॅगेत सुका नारळ नेला होता, तो मुंबईच्या विमानतळावरच काढून ठेवावा लागला. ते माझ्या सूचनांत नव्हतं. घरातलं कोणीही नारळाला सामान समजत नाही. भेटायची जागा म्हणून त्यांनी एका काठीला भगवा दुपट्टा बांधला होता, आपल्याकडे यात्रेत बांधतात तसा. "दुसऱ्या दिवशी थ्या काठीखाली आमी चौदा अन् गोरे पोट्टे तीस! एक पोट्टी मले म्हणते, मस्त, मस्त. एवढंच शिकली बिचारी."

मग तो स्वतःच कानाच्या गोष्टीवर आला. पहिल्या संध्याकाळी कापूस घालून तो सर्वांत मोठ्या स्टेजसमोर, बेसच्या भिंतीला अगदी खेटून उभा राहिला. बाकीचे मागे सरकले, हा पुढे. "तू लिहिलं होतं न, कापूस घाला. घातला. मंग कायले सरू?" तीन तास. हॉटेलवर आला तेव्हा डाव्या कानातही शिट्टी होती.

मी त्याच्या डाव्या बाजूला सरकून बसलो.

"दुसऱ्या दिवशी," मामा सांगत होता, "दारातच एक बाई टोपलं घेऊन उभी. जो आत जाईन त्याले नारिंगी-नारिंगी काहीतरी देऊन राहिली. मले वाटलं परसाद हाये. म्या तोंडातच टाकत होतो!" मामी दारात उभी होती, ती हसता हसता भिंतीला टेकली. "थे कानात घालाचं होतं. बोटानं चेपलं का बारीक होते अन् आत जाऊन फुगते. म्या पायलं, साऱ्याईच्या कानात थेच. बापाच्या खांद्यावरच्या लेकरायच्या कानावर हे मोठाले झाकण. अन् थो मिक्सरवर बसलेला म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, थ्याच्याही कानात! ज्याचं पोट आवाजावर, थोच कान बंद करून बसला. म्या कापूस फेकला अन् थे घातलं. मंग दोन दिवस आवाज ऐकला मी, भाचेराव. खरा आवाज. पयल्या दिवशी नुसता मार खाल्ला."

तेव्हा मी सांगितलं. मॅडमचं, उशीचं, मोबाइलवरच्या एका टिकचं, सगळं. कापूस माझ्या अकलेचा होता, यादीतला नव्हता, हेही. सांगताना जमिनीकडे पाहत होतो. मामाने टाचेच्या पट्टीचं टोक सरळ केलं.

"आमी पंचवीस वर्सांपासून कापूस घालून राहिलो," तो म्हणाला, "थे कोणं लिहून देल्लं होतं?"

"पण यावेळी मी लिहिलं, मामा."

"हव. लिहिलं तू, अन् खेटून उभा राहिलो मी. अर्धं-अर्धं."

मामी मात्र हसायची थांबली होती. "अर्धं-अर्धं करू नोका. मले डॉक्टरीनबाईचा कागद पाह्यजे. दुसरं काई नोको."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, आधी तीन आठवडे कानाला पूर्ण आराम द्या, मग यंत्रावर बसवते. तीन आठवडे झाले, चार झाले. मामा कारणं काढत राहिला. गोदाम आवरायचं आहे, सतरंज्या धुवायच्या आहेत. दोन भोंग्यांतला एकच चालू राहिलेल्या साऊंडवाल्यासारखा तो उरलेला एक कान जपत होता आणि त्याचा हिशेब पाहायला घाबरत होता. शिट्टी कमी झाली का, असं मी विचारलं की म्हणायचा, "कधी असते, कधी नसते." मी अमरावतीला परतलो होतो. नवं सत्र सुरू झालं होतं. मी रोज वर्गात पहिल्या बाकावर बसायचो आणि सरांचं बोलणं कानात कुठवर शिरतं ते तपासायचो, जणू माझाच कान पणाला लागला होता.

पातूरच्या भाऊंना मी काल नवीन पानं लिहून पाठवली. यावेळी प्रत्येक ओळ आधी कोणाला तरी दाखवली. जोड्यांचं तेच ठेवलं, फक्त मामाच्या टाचांचा दाखला जोडला. काठीला दुपट्टा बांधा हे नवीन घातलं, कारण ते कुठल्याच इंग्रजी यादीत नव्हतं आणि उपयोगी पडलं. नारळ घरी ठेवा. सिमकार्ड दोघांत एक तरी घ्या, मागे राहिलेल्यांची झोप उडते. घरून निघतानाच कानात घालायच्या फोमच्या गोळ्या औषधांच्या दुकानातून घ्या, चेपून, कान जरा वर ओढून आत सोडा, आणि त्या घालूनही स्पीकरला खेटू नका. मधूनमधून लांब जाऊन गवतावर बसा. कानात शिट्टी वाजली तर तो दिवस संपला असं समजा. सातव्या जागी लिहिलं: कापूस घालू नये. आधी घाला असं लिहिलं होतं, ती माझी चूक होती. खाली रेघा मारल्या नाहीत. ठळक करण्यापेक्षा बरोबर असणं मला आता जास्त कठीण वाटतं. भाऊंचं उत्तर आलं, "बरं झालं सांगतलं बाप्पा. आमी तर दोन डब्या भरून ठेवल्या होत्या."

आणि आता ती बातमी, जिच्यासाठी मी गेल्या पावसाळ्यात पाच आठवडे थांबलो होतो. दुपारची वेळ होती. प्रयोगशाळेतून बाहेर आलो आणि मोबाइलवर मामीने पाठवलेला फोटो दिसला. आलेखाचा नवा कागद. लाल वर्तुळं, निळ्या फुल्या. मी हिवाळ्यातला जुना फोटो काढला, दोन्ही शेजारी ठेवले, एकेक फुली बोटाने मोजली. मला त्या सारख्या वाटल्या. पण मला काय वाटतं याच्यावर तेव्हा माझाच भरवसा नव्हता. मी मामीला फोन लावला. ती म्हणाली, "आमी अजून दवाखान्याच्या पायरीवरच हावो. तू वाच न, काय लिहिलं थ्यात?"

"मी नाई वाचत, मामी. डॉक्टरीनबाई काय म्हणाल्या, थे सांग."

"थ्या म्हणे, डावा होता तसाच हाये. काडीचाही गेला नाई. थे आठ दिवसाची सूज होती, उतरली."

"पुन्हा सांग."

"तसाच हाये म्हणते रे! पुन्हा कितीकदा सांगू?" मग तिचा आवाज अगदी खाली आला, मोबाइलला तोंड लावून बोलल्यासारखा. "आयक, कोणाले सांगू नोको. थ्या काचेच्या खोलीतून बाहेर आले तं तुया मामाचे डोये लाल होते. मले म्हणे, कचरा गेला."

आणि मागून, बऱ्याच लांबून, अकोल्याच्या रस्त्यावरच्या ऑटो आणि हॉर्नच्या गलक्यातून मामाचा आवाज आला, "ओ बाई, आयकू येऊन राहिलं मले!"